बेअर स्प्रे : तिखटापेक्षा खटका महत्त्वाचा

अस्वलांचा वावर असलेल्या रानात पायी फिरणाऱ्यांच्या सामानात बेअर स्प्रे ही आता नेहमीची वस्तू झाली आहे. लहानशा अग्निशामक नळकांड्यासारखा दिसणारा, मिरचीच्या अर्काने दाबाखाली भरलेला हा डबा अंगावर येणाऱ्या अस्वलाच्या आणि माणसाच्या मध्ये काही क्षण तिखट ढग उभा करतो, आणि बहुतेक वेळा तेवढ्याने अस्वल मागे फिरते. वस्तू उपयोगी आहे याबद्दल मला शंका नाही. माझा आक्षेप आहे तो ती निवडण्याच्या आणि बाळगण्याच्या पद्धतीवर. दुकानात डबा हातात घेतला की ग्राहक त्यावरची तिखटपणाची टक्केवारी वाचतो आणि विक्रेताही तीच सांगतो. प्रत्यक्षात खटका किती सहज दबतो, त्यावरची सेफ्टी क्लिप एका अंगठ्याने निघते की नाही आणि डबा अंगावर नेमका कुठे अडकवलेला आहे, यांवर सारे काही अवलंबून असते.

आधी टक्केवारीचा विषय निकालात काढू. मिरचीला तिखटपणा देणाऱ्या कॅप्सेसिन आणि त्याच्या जवळच्या संयुगांना एकत्रितपणे कॅप्सेसिनॉइड म्हणतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेकडे, म्हणजे ईपीएकडे, नोंदणी झालेल्या बेअर स्प्रेमध्ये त्यांचे प्रमाण १ ते २ टक्क्यांच्या दरम्यान असते. म्हणजे ‘सर्वांत तिखट’ असा दावा करणारा डबासुद्धा याच अरुंद पट्ट्यात बसतो. काही उत्पादने मात्र मिरचीच्या एकूण तेलकट अर्काचे, म्हणजे ओलिओरेझिनचे, प्रमाण ठळक अक्षरांत छापतात आणि तो आकडा १० किंवा त्याहून अधिक असतो. तो आकडा पाहून भुलण्याचे कारण नाही, कारण अर्क किती घातला यावरून त्यात तिखट किती आहे हे कळत नाही. तिखटपणा मोजणाऱ्या स्कोव्हिल एककांचे लाखांतले आकडे हाही त्यातलाच प्रकार. लेबलावर कॅप्सेसिनॉइडचे प्रमाण आणि अस्वलांसाठीच्या वापराची नोंदणी एवढे दोन तपशील सापडले, की डबा उचलायला हरकत नाही. ते सापडले नाहीत तर तो तिथेच ठेवावा.

कॅप्सेसिन काम कसे करते हे समजून घेतले तर त्याच्या मर्यादाही समजतात. आपल्या आणि अस्वलाच्या मज्जातंतूंच्या टोकांवर उष्णतेची जाणीव करून देणारा टीआरपीव्ही-१ नावाचा ग्राही, म्हणजे संवेदना टिपणारे प्रथिन, असतो. तो डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये शोधून काढला आणि ज्युलियस यांना २०२१ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. कॅप्सेसिन हा ग्राही उघडते आणि मेंदूला भाजल्याचा निरोप जातो, प्रत्यक्षात मात्र काहीही भाजलेले नसते. डोळे आपोआप मिटतात, नाकाघशाची आतली त्वचा सुजते, ठसका लागतो, श्वास आखडतो. परिणाम तात्पुरता असतो आणि प्राण्याला कायमची इजा होत नाही. इथे लक्षात घ्यायचे ते हे, की औषध डोळ्यांत आणि नाकात पोहोचले तरच हे सारे घडते. पाठीवर, पायांवर किंवा डोक्यावरून निघून गेलेला फवारा काहीच करत नाही.

शहरात पर्समध्ये ठेवतात तो मिरचीचा स्प्रे आणि बेअर स्प्रे यांची गल्लत करणारे लोक मला अजूनही भेटतात. पहिल्यातून बारीक धार निघते आणि ती माणसाच्या चेहऱ्यावर थोड्या अंतरावरून मारायची असते. दुसऱ्यातून रुंद ढग निघतो, जो काही मीटर दूर जाऊन हवेत थोडा वेळ टिकतो, आणि अस्वल त्यात स्वतः शिरते. त्यामुळे बारीक नेम धरावा लागत नाही, आणि घाबरलेल्या माणसाच्या हाती द्यायला हे साधन योग्य ठरते ते त्यामुळेच. इंटरएजन्सी ग्रिझली बेअर कमिटी या अमेरिकी शासकीय समितीच्या शिफारशी साध्या आहेत : डब्यात किमान २२५ ग्रॅम द्रव्य असावे, फवारा किमान ७.६ मीटर जावा आणि तो किमान ६ सेकंद चालावा. वजन कमी व्हावे म्हणून याहून लहान डबा घेणाऱ्यांची काटकसर मला पटत नाही. सहा सेकंद ऐकायला बरे वाटतात, पण घाबरलेला माणूस खटका दाबूनच ठेवतो आणि पहिल्याच दमात अर्धा डबा रिकामा होतो.

आता खटका. परीक्षणासाठी मी नेहमीच्या आकाराचा डबा आणि त्याच बनावटीचा सरावाचा डबा घेतला. सरावाच्या डब्यात तिखट नसते, फक्त दाबाखालचा वायू असतो, बाकी वजन, क्लिप आणि खटका हुबेहूब. नव्या डब्याच्या खटक्याभोवती प्लास्टिकची एक बारीक पट्टी आवळलेली असते. वाहतुकीत तो चुकून दबू नये म्हणून ती लावतात आणि रानात शिरण्यापूर्वी ती कापून टाकायची असते. सूचनापत्रकात हे लिहिलेले असते, पण सूचनापत्रक वाचतो कोण? पट्टी तशीच ठेवून दिवसभर चालणारे लोक मी पाहिले आहेत, आणि ती नुसत्या बोटांनी तुटत नाही. पट्टी काढल्यावर उरते ती वाकडी प्लास्टिकची क्लिप. तर्जनी डब्याच्या गळ्याशी असलेल्या कडीत घालायची, अंगठा क्लिपच्या वळलेल्या टोकावर ठेवायचा आणि ती सरळ मागे, स्वतःच्या दिशेने ओढायची. वर उचलायला गेलात तर ती अडते. कोरड्या, मोकळ्या हाताने हे एका क्षणात जमते. जाड हातमोज्यांत अंगठ्याला टोक जाणवतच नाही. म्हणून दुकानात क्लिपचे टोक किती बाहेर आले आहे हे पाहावे आणि अंधारात चमकणारी क्लिप मिळत असेल तर तीच घ्यावी.

सरावाचा डबा फवारल्यावर दोन गोष्टी लक्षात आल्या, ज्या लेबलावर कुठेच लिहिलेल्या नसतात. एक म्हणजे आवाज. वायू सुटताना एवढा मोठा फुस्स असा आवाज होतो, की पहिल्या वेळी हात दचकतो आणि नोझल वर जाते. दुसरी म्हणजे फवाऱ्याची उंची. उभ्या माणसाने छातीच्या उंचीवरून सरळ समोर मारलेला ढग चार पायांवर धावत येणाऱ्या प्राण्याच्या डोक्यावरून जाऊ शकतो. अस्वल धावताना डोके खाली ठेवते, त्यामुळे नोझल किंचित खाली झुकवून, ढग जमिनीलगत पसरेल अशा बेताने मारायचा असतो. हे वाचून समजते, पण हाताला कळण्यासाठी सराव लागतो. माझे मत असे, की सरावाचा डबा न घेता खरा डबा घेणे म्हणजे अर्धीच वस्तू घेणे होय.

होल्स्टरबद्दल, म्हणजे डबा अंगावर अडकवायच्या म्यानाबद्दल, मात्र मला तक्रारच करायची आहे. डब्यासोबत जे कापडी होल्स्टर मिळाले, त्याच्या वरच्या झडपेला चांगलेच घट्ट वेलक्रो आहे. डबा पडू नये ही काळजी योग्य आहे. पण झडप उघडायला एक हात आणि डबा धरायला दुसरा हात लागतो, आणि रानात माणसाच्या एका हातात बहुधा काठी असते. त्याहून मोठी अडचण म्हणजे हे होल्स्टर पँटच्या पट्ट्यात अडकवले आणि वर मोठी सॅक चढवली, की सॅकचा कमरपट्टा नेमका डब्यावर येतो. डबा कमरेला आहे, पण हाताला येत नाही. छातीवरच्या पट्ट्याला अडकवण्याचे होल्स्टर वेगळे विकत घ्यावे लागले आणि तेव्हाच हे साधन खऱ्या अर्थाने वापरण्याजोगे झाले, कारण सॅक असो वा नसो, तिथून डबा दोन्ही हातांपैकी कोणत्याही हाताने निघतो. निर्मात्यांनी छातीचे होल्स्टर मुळातच सोबत का देऊ नये, हे मला उमगलेले नाही.

सॅकच्या बाजूच्या जाळीदार खिशात, पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवलेल्या डब्याचे काय होते याचा हिशेब करून पाहावा. अस्वल थोड्या अंतरासाठी ताशी सुमारे ५६ किलोमीटर वेगाने धावू शकते, म्हणजे सेकंदाला साडेपंधरा मीटर. ते तीस मीटरवर दिसले आणि त्याच क्षणी धावत सुटले, तर हाती जेमतेम दोन सेकंद उरतात. फवारा मारायचा तो अस्वल ९ ते १८ मीटरवर असताना, म्हणजे त्या दोन सेकंदांतलाही बराचसा भाग ते त्या टप्प्यात येण्याआधीच संपलेला असतो. या वेळात सॅक उतरवणे, चेन उघडणे किंवा मागे हात वळवून चाचपडणे शक्य नाही. सॅकमधला डबा बाळगणाऱ्याचे समाधान करतो, यापलीकडे त्याचा उपयोग नाही. तंबूतही हाच नियम लागू होतो : रात्री डबा उशाशी, ठरलेल्या जागी असावा, मात्र बंद तंबूच्या आतून फवारला तर पहिला बळी आपणच.

हे साधन खरोखर काम करते का, या प्रश्नाला बऱ्यापैकी ठोस उत्तर आहे. मोंटाना विद्यापीठात १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅरी हंट यांनी अस्वलांना परतवू शकणाऱ्या निरनिराळ्या उपायांच्या चाचण्या घेतल्या आणि मिरचीचा अर्क त्यांत उजवा ठरला. त्यातूनच पुढे बाजारात आलेला स्प्रे घडला. त्यानंतर टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलास्कातील १९८५ ते २००६ या काळातल्या ८३ घटना तपासून २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्वसंरक्षणासाठी फवारा मारलेल्या घटनांत तपकिरी अस्वलांचे नको असलेले वर्तन ९२ टक्के वेळा आणि काळ्या अस्वलांचे ९० टक्के वेळा थांबले. जवळून गाठ पडलेल्या आणि स्प्रे बाळगणाऱ्या लोकांपैकी ९८ टक्के लोकांना इजा झाली नाही. ज्यांना झाली त्यांच्या जखमा रुग्णालयात दाखल करण्याएवढ्या गंभीर नव्हत्या. वाऱ्यामुळे फवाऱ्यात अडथळा आल्याची नोंद ७ टक्के घटनांत होती, पण त्यांतही तो अस्वलापर्यंत पोहोचला होता. फवारणाऱ्याला स्वतःलाच त्रास झाल्याच्या घटना १४ टक्के होत्या आणि त्यांतल्या फार थोड्या घटनांत तो माणूस जवळजवळ निकामी झाला होता.

याच अभ्यासकांनी २०१२ मध्ये अलास्कातीलच बंदुकांच्या वापराच्या २६९ घटनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पिस्तुलांचे यश ८४ टक्के आणि लांब नळीच्या बंदुकांचे ७६ टक्के निघाले. विक्रेते हे दोन्ही आकडे शेजारीशेजारी ठेवून स्प्रे बंदुकीपेक्षा सरस असल्याचे सिद्ध झाले असे सांगतात. एवढी घाई करू नये, कारण दोन्ही अभ्यासांतल्या घटना सारख्या नव्हत्या. कुतूहलाने तळाजवळ रेंगाळणारे अस्वल आणि अंगावर धावून आलेले अस्वल यांना एकाच मापाने मोजता येत नाही. तरीही माझा कौल स्प्रेलाच आहे, आणि त्याचे कारण टक्केवारीत नाही. धावत्या प्राण्यावर अचूक गोळी झाडणे हे वर्षानुवर्षांच्या सरावाचे काम आहे, आणि जखमी अस्वल बिनजखमी अस्वलापेक्षा कितीतरी धोकादायक असते.

आणखी एक मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. हे आकडे उत्तर अमेरिकेतील काळ्या आणि तपकिरी अस्वलांचे आहेत; ध्रुवीय अस्वलाच्या केवळ दोनच घटना त्या अभ्यासात होत्या. भारतीय उपखंडातल्या लांब केसांच्या, वाळवीवर जगणाऱ्या अस्वलाला ते जसेच्या तसे लावणे योग्य नाही. हे अस्वल दचकले तर पळण्याऐवजी अनेकदा थेट अंगावर येते, आणि गाठ पडते ती दाट झुडपांत, काही पावलांवर. तिथे ढग पसरायलाच जागा आणि वेळ मिळत नाही. त्याच्या मुलखात आपली चाहूल त्याला आधीच लागू देण्याला दुसरा पर्याय नाही.

हवामानाचा परिणाम डब्यावर होतो, आणि तो लेबलावर फार बारीक अक्षरांत असतो. गोठवणाऱ्या थंडीत आतला दाब घटतो आणि फवारा कमी अंतर जातो, म्हणून थंड प्रदेशात डबा जाकिटाच्या आत, अंगाच्या उबेत, पण हाताला येईल असा ठेवावा. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत याच्या उलट घडते : तापमान ५० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की डबा फुटण्याचा धोका असतो. गाडीत फुटलेला डबा म्हणजे काय प्रकरण असते, याची कल्पना मिरचीची फोडणी करपलेल्या खोलीत उभे राहिलेल्या कोणालाही करता येईल. चुकून डोळ्यांत गेलाच तर चोळू नये. मोकळ्या हवेत जावे, कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर काढाव्यात आणि भरपूर थंड पाण्याने धुवावे. जळजळ उतरायला वेळ लागतो.

डास पळवण्याच्या औषधाप्रमाणे हा स्प्रे तंबूवर, सॅकवर किंवा चक्क कपड्यांवर मारून ठेवणारेही आहेत. त्याने संरक्षण मिळत नाहीच, उलट संकट ओढवते. हवेतला ढग अस्वलाला पळवतो, पण जमिनीवर किंवा वस्तूवर बसलेल्या तिखटाचा वास त्याला खेचून आणतो. तपकिरी अस्वले अशा अवशेषांत लोळताना पाहिल्याची नोंद टॉम स्मिथ यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केली होती. त्यामुळे एकदा फवारा मारल्यावर ती जागा सोडून दूर जाणे आणि डब्याच्या तोंडाशी राहिलेला अंश पुसून टाकणे, दोन्ही आवश्यक आहे.

स्प्रे कमरेला आला की माणसाची चाल बदलते, हे मला या वस्तूचे सर्वांत वाईट लक्षण वाटते. गप्पा मारत, टाळ्या वाजवत, वळणावर आवाज देत जाणारे लोक डबा मिळाल्यावर गुपचूप चालू लागतात आणि फोटोसाठी चार पावले पुढे सरकतात. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात अस्वलापासून किमान ९१ मीटर दूर राहण्याचा नियम आहे आणि डबा असला म्हणून तो शिथिल होत नाही. अस्वल दिसले आणि त्याने आपल्याला पाहिलेले नसेल तर आल्या वाटेने शांतपणे परतावे; पाहिले असेल तर हळू आवाजात बोलत, तोंड त्याच्याकडे ठेवून मागे सरकावे; पळू मात्र कधीही नये. क्लिप काढायची ती याच वेळी, अस्वल धावून येण्याची वाट न पाहता. पुष्कळदा अस्वल नुसतेच धावून येते आणि ऐन वेळी थांबते किंवा बगल देते, पण ते खरे की खोटे हे ओळखत बसायला सवड नसते. टप्प्यात आले की दोन-तीन सेकंद फवारावे आणि तरीही येत राहिले तर पुन्हा, थेट तोंडावर. त्यानंतरही तपकिरी अस्वलाने गाठलेच, तर पालथे पडून मानेमागे हात गुंफावेत आणि सॅक पाठीवरच राहू द्यावी. काळ्या अस्वलाशी मात्र हाती येईल त्याने झुंजावे.

अन्नाच्या वासाने मुक्कामावर येणाऱ्या अस्वलावर हा उपाय नव्हे. तिथे हवा तो अस्वलाला न उघडणारा अन्नाचा डबा, आणि तो तंबूपासून दूर. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात तर बेअर स्प्रे बाळगायलाच मनाई आहे, अन्न नीट साठवण्याची सक्ती मात्र कडक आहे. तेव्हा खरेदीआधी त्या त्या ठिकाणचा नियम विचारून घ्यावा.

विमानाने जाणाऱ्यांनी हा डबा घरून नेण्याचा विचार सोडून द्यावा, कारण तो हातातल्या सामानातही चालत नाही आणि चेक-इन केलेल्या सामानातही चालत नाही. मुक्कामी पोहोचून घ्यावा. काही ठिकाणी तो भाड्यानेही मिळतो आणि थोड्या दिवसांच्या फिरतीला तेच शहाणपणाचे. घेताना तळाशी किंवा बाजूला छापलेली मुदत पाहावी. ती साधारण तीन-चार वर्षांची असते आणि ती उलटल्यावर तिखट शिल्लक असले तरी दाब कमी झालेला असतो. चाचणी म्हणून एकदा थोडासा फवारलेला डबाही तसाच : किती उरला आहे हे बाहेरून कळत नाही आणि झडपेतून वायू हळूहळू निसटत राहू शकतो, म्हणून तो भरवशाचा मानू नये. असा डबा कचऱ्याच्या पेटीत न टाकता घातक कचरा घेणाऱ्या केंद्रात द्यावा, कारण कचरागाडीत दाबला गेला तर त्याचा प्रसाद सफाई कामगाराला मिळतो.